कंपनीनं हक्क राखला, पण कुणाचा?

हे बघा, चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाय. आधी शब्द द्या! कारण माझ्यासारखा येडा सगळ्या संभाजीनगरात दुसरा सापडायचा नाय.

आपलं मंडप डेकोरेशनचं दुकान गुलमंडीच्या मागं. दौलताबादच्या एका लग्नात मी मंडपाबाहेर, रस्त्यावर एक कमान उभी केली. कुणी सांगितली नव्हती, आपलीच हौस! वरात आली, वारं सुटलं, अन् कमान धाडकन पडली ती नवरदेवाच्या मामांच्या नव्या कोऱ्या गाडीवर. मामा फर्दापूरचे, मोठ्या मिशांचे. गाडीचा टप चेपला अन् मामांचं तोंडच उतरलं.

"आता भरून कोण देणार?"

मी म्हटलं, "मामा, विमा हाय माझा! आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरती."

कंपनीला कळवलं. काही दिवसांनी पत्र आलं: 'सर्व हक्क राखून आपल्या दाव्याची चौकशी करीत आहोत.' आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय? मला तर लई कुतूहल! हक्क राखले, पण कुणाचे? अन् कशापायी?

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यात न कळण्यासारखं काय हाय? तुम्हाला यायला उशीर झाला की मी कालवण राखून ठेवते. कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग!"

हाय का नाय बिनतोड? पत्राला दुसरं पान होतं. पण पहिल्याच पानावर एवढी गोड बातमी मिळाल्यावर दुसरं कोण वाचतंय?

नवरदेवाच्या घरी सत्यनारायण होता. मंडप माझा, माईकही माझाच! उभा राहिलो अन् ठोकून दिलं, "मंडळी, चूक माझी. कमान मीच कच्ची बांधली. पण मामांची गाडी कंपनी नीट करून देणार, आपला हक्क त्यांनी राखून ठेवलाय!" टाळ्या पडल्या. मामांनी तर मिठीच मारली.

मग पेढे घेतले, मामांना घेतलं अन् थेट कंपनीचं ऑफिस गाठलं.

"मॅडम, आमचं राखून ठेवलेलं न्यायला आलोय."

मॅडमनं पत्र बघितलं, मग पेढे बघितले, मग मला. "काका, हक्क आम्ही आमचे राखलेत. चौकशीत दावा पॉलिसीत बसत नाही असं निघालं, तर नाही म्हणायचा हक्क."

"मग आत्ता व्हय का नाय?"

"आत्ता दोन्ही नाही. तुम्ही गाफील राहू नये, म्हणून तर आधी कळवलं."

बघा! मी गाफील राहू नये म्हणून पत्र, अन् मी पेढे वाटत फिरतोय!

तरी कुतूहल गप बसू देईना. विचारलं, "पण बसणार का नाय, मॅडम?"

"कमान रस्त्यावर होती, पॉलिसी मंडपाच्या आवारापुरती. त्यामुळं शंका आहे. पण आशा सोडू नका. फक्त दुसऱ्या पानावर लिहिलंय तसं, आम्हाला न विचारता चूक कुणापुढं कबूल केली नाही ना?"

"छे छे! मी कशाला बोलतोय?"

तेवढ्यात मामांना माझं कौतुक करायचा उमाळा आला. तोंडात पेढा तसाच. "असं कसं? लई दिलदार माणूस हाय, मॅडम! सगळ्या गावापुढं माईकवर सांगितलं, कमान मीच कच्ची बांधली म्हणून. माझ्या मोबाईलात हाय, दाखवू का?"

मी टेबलाखाली मामांचा पाय दाबला.

"पाय काहून दाबायलास रं?" मामा म्हणाले, अन् मोबाईल मॅडमच्या हातात दिला.

मामांची गाडी शेवटी मीच नीट करून दिली. अन् कंपनीचं दुसरं पत्रही आलं. ते मात्र मला एका दमात समजलं, बायकोला विचारावंसुद्धा लागलं नाय!