एका नेटवर दोन हुकूम

दुबईत अल मनखूलला पुतण्याकडे गेलो की जेवणानंतर कोणीतरी म्हणतंच, ‘काका, फौजेतलं काहीतरी सांगा.’ मी इन्फंट्रीत होतो, नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. लोकांना सरहद्दीवरचं ऐकायचं असतं. मी दुबईतलं सांगतो. वर्दी उतरल्यानंतरचं आहे, पण माझ्या लेखी ती ड्यूटीच होती.

पोस्टिंग शहराबाहेर, वाळवंटाच्या कडेला होतं. एका अमेरिकन कंपनीचं बॅटऱ्यांचं गोदाम. मी गार्ड सुपरवायझर. हाताखाली नेपाळी, केरळी आणि युगांडाचे गार्ड, बहुतेक माजी सैनिक. आमचा सिक्युरिटी हेड रेमंड. अमेरिकन सैन्यातला निवृत्त सार्जंट, काळा माणूस. कमी बोलायचा. सकाळी गार्डांच्या हजेरीला, फॉल-इनला, स्वतः हजर, प्रत्येकाचे बूट बघायचा.

मागे अमेरिकेत पोलिसांच्या हातून काळी माणसं मेली आणि शहराशहरांत लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा तिकडच्या हेड ऑफिसने जाहीर केलं की काळ्या लोकांना वरच्या जागा देणार. त्यात रेमंडला ही जागा मिळाली. त्याचे फोटो कंपनीने सगळीकडे छापले. पुढे तिकडचं सरकार बदललं, वारं फिरलं, आणि हेड ऑफिसने ती पॉलिसी एका ई-मेलने मागे घेतली.

तो ई-मेल ऑपरेशन्स मॅनेजर कर्टने कँटीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. कर्टही अमेरिकन, गोरा. वाचून झाल्यावर रेमंडकडे बघून म्हणाला, “आता माणसाची लायकी बघतील. रंग नाही.”

रेमंडने घास संपवला, ताट उचललं आणि निघून गेला.

त्या दिवसापासून दोघांत उघड वैर. रेमंडने ठरवलेली फायर ड्रिल कर्ट रद्द करायचा, म्हणायचा काम अडतं. गार्डही फुटले. आपल्यातलेच काही रेमंडच्या पाठीमागे त्याला ‘कोटावाला’ म्हणायला लागले. मी एकाला सगळ्यांसमोर झापलं. तो कामाला लागला, पण नजर बदलली नाही.

जूनमधली दुपार. फोर्कलिफ्टची धडक बसून एका पॅलेटमधून पांढरा धूर निघायला लागला. बॅटरीचा धूर. मी मेन गेटवर होतो. वॉकीटॉकी सेटवर रेमंडचा आवाज आला.

“ऑल गेट्स, कंट्रोल. गोदाम रिकामं करा. कोणीही आत जाणार नाही. ओव्हर.”

गेट तीनवर लान्स कॉर्पोरल जोसेफ होता. युगांडाच्या सैन्यातला. तिकडे वरिष्ठाला ‘अफांदे’ म्हणतात, मलाही तो तेच म्हणायचा. त्याने माल हलवणारे कामगार, लोडर, बाहेर काढले. तेवढ्यात त्याच नेटवर, म्हणजे सेटच्या त्याच चॅनेलवर, कर्ट आला.

“निगेटिव्ह. शेजारचे पॅलेट बाहेर ओढा. यल्ला, फास्ट!”

“कर्ट, नेट सोड,” रेमंड ओरडला. “सगळे बाहेर!”

“साइट माझी आहे. लोडर आत पाठवा.”

एका नेटवर दोन हुकूम. लोडरांना कर्ट पगार देणारा साहेब म्हणून माहीत होता. तीन जण परत आत शिरले. मी गेट तीनकडे पळालो. सेटवर जोसेफ बोलला, “अफांदे, तिघं आत आहेत. आणतो.”

“जोसेफ, थांब. मी येतोय.”

“दिसतायत मला. आणतो.”

मी पोचलो तेव्हा लोडर खोकत, धडपडत बाहेर पडत होते. एक, दोन, तीन. तिसऱ्याला जोसेफने आतून ढकललेलं मी पाहिलं. मग आत स्फोट झाला. रेमंड दारात घुसत होता. मी आणि एका नेपाळी गार्डने त्याला कमरेला धरून मागे खेचलं. त्याने मला कोपर मारलं. माझा ओठ फुटला, पण मी सोडलं नाही.

अमेरिकन चॅनेलांना बातमी लागली. एकावर रेमंडचा फोटो: कोट्यातून भरलेल्या माणसाने गोदाम जाळलं. दुसऱ्यावर तोच फोटो: वर्णद्वेषाचा बळी. रेमंडने एका मुलाखतीला होकार दिला. मी खोलीत होतो. निवेदिकेने विचारलं, “तुमची नेमणूक रंगामुळे झाली होती का?”

रेमंड म्हणाला, “त्या दिवशी माझा एक सैनिक मेला. त्याच्याबद्दल विचारा.”

“त्याकडे आपण येऊच,” ती म्हणाली. आली नाही.

त्या शुक्रवारी पुतण्याकडे ताटावर बसलो होतो, तो मोबाइल घेऊन आला. “काका, तुमचा तो काळा साहेब व्हायरल झालाय!”

“त्याला नाव आहे.”

“सॉरी. रेमंड.”

“मेला कोण, ते दाखवतायत का?”

“कोणी मेलं?” तो म्हणाला.

मी न जेवता उठलो.

इथल्या अधिकाऱ्यांच्या चौकशीत रेमंडने आणि मी दोन्ही हुकूम जसेच्या तसे सांगितले. कर्टची नोकरी गेली. रेमंडचीही गेली. कंपनीला दोघांचंही तोंड नको होतं.

जोसेफला घरी पाठवायच्या दिवशी शवागाराबाहेर आम्ही रांग धरली. वर्दी कोणाकडे नव्हती, इस्त्रीचे शर्ट होते. ‘कोटावाला’ म्हणणाराही आला आणि रेमंडच्या शेजारी उभा राहिला. मग कर्ट आला, काळा सूट घालून. रांगेच्या टोकाला उभा राहिला.

मी त्याच्यासमोर गेलो. “साहेब, रांगेतून बाहेर.”

“मला आदर व्यक्त करायचाय.”

“तिकडून करा.”

तो रेमंडकडे बघू लागला. रेमंड समोर बघत होता. कर्ट गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी ‘सावधान’ दिला आणि सगळ्यांनी सॅल्यूट ठोकला. पेटी समोरून जाईपर्यंत एकही हात खाली आला नाही.

लान्स कॉर्पोरल जोसेफ ओकेलो. गुलूजवळच्या गावचा. घरी बायको आणि दोन मुली. ज्यांना त्याने बाहेर काढलं, ते तिघे जिवंत आहेत.