दोन थापांची वाट

तुम्ही कधी रिकाम्या गाडीला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली आहे का?

नाना रोज पाहायचे. चावी फिरवण्याआधी मान जराशी मागे वळवायची आणि हौद्यात चिटपाखरू नसलं तरी मोठ्याने विचारायचं, "बठ्ठा वनात का?" सगळे आले का? मग कान खिडकीकडे लावून थांबायचं. शेजारी बसलेल्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागेपर्यंत थांबायचं. मागून काही यायचं नाही. नाना सुस्कारा सोडायचे आणि गाडी हलायची.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची जुनी पिकअप उभी असे. सारी उमर मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवून ते घरी बसले होते. माझ्या वडिलांचा छापखाना. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. आमचं पाच-सहा जणांचं मंडळ होतं, अजूनही आहे. भगत, भानामती, भुताटकी यांच्या विरोधात आम्ही पत्रकं काढतो आणि ढाब्याढाब्यांवर वाटतो. त्यासाठी नाना गाडी द्यायचे. चालवायला मात्र दुसऱ्या कोणाला देत नसत.

सोनगीरजवळच्या एका उतारावर भूत आहे, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. मी पत्रक लिहिलं: 'इथे भूत नाही. इथे दिवा नाही आणि बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. माणसं भुताने नाही, बेपर्वाईने मेली आहेत.' त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. नानांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तुना कागद चांगला शे, पोरी," ते म्हणाले. "पन त्यामा सुकलाल नही शे."

सुकलाल म्हणजे त्यांचा क्लिनर. वयाने नानांच्याच बरोबरीचा, आणि सगळी वर्षं त्यांच्याच गाडीवर. तो कधी ड्रायव्हिंग शिकला नाही. "दोघं पुढे पाहायला लागले तर मागे कोण पाहील?" असं म्हणायचा. ट्रक मागे घेताना क्लिनर पत्र्यावर थाप मारतो, ते तुम्ही ऐकलं असेल. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल, मी चढलो. या दोन थापा मिळाल्याशिवाय नानांनी गाडी कधी हलवली नव्हती. सुकलालच्या हाताचा आवाज त्यांना बायकोच्या आवाजासारखा ओळखू यायचा, असं त्यांची बायकोच सांगायची, आणि त्यात थोडी तक्रारही असायची.

सुकलाल त्याच उतारावर गेला. गाडी बंद पडली होती. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून तो गाडीमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवत होता. कुठली तरी गाडी त्याला उडवून निघून गेली.

"त्याना आधी त्यानी एक थाप मारी," नाना सांगायचे. "गाडी तं उभीच व्हती. मंग थांब कोनले सांगे तो?"

इथून गोष्ट दक्षिण अमेरिकेत जाते. तुम्ही म्हणाल, या माणसाचा तिकडे काय संबंध? आहे. नानांचा पुतण्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्याच्या कॉलनीत वाढला आणि परदेशात नोकरीला लागला. त्याने तिकडे एक पिकअप विकत घेतली. तिच्या पाठीवर एक खोलीच बसवलेली होती: झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी. ती घेऊन तिथल्या उंच डोंगररांगांतून देशामागून देश ओलांडायचे, असा त्याचा बेत. पण घाटात स्टिअरिंग धरायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून त्याने काकांना बोलावून घेतलं. नाना दादर ज्वारीचं पीठ, ठेचा आणि उडदाचे पापड घेऊन विमानात बसले.

परत आले तेव्हा गल्लीतली माणसं त्यांच्या ओट्यावर जमली. नानांनी मिठाचं पांढरंफेक मैदान सांगितलं. उंटाचं तोंड आणि मेंढीचं अंग असलेलं जनावर सांगितलं. तिथे इतक्या उंचीवर डाळ शिजतच नाही, हे सांगताना तर त्यांचा चेहरा पडला होता. "खालून जाळ, वरून वाफ, आणि दाना तसाच कडक. अशा ठिकानी मानूस सोयरिक कशी करस?"

पण एक गोष्ट ते हळू आवाजात सांगायचे. तिथल्या घाटांत वळणावळणावर लहान लहान घरं असतात, गुडघ्याएवढी. जिथे कोणी ड्रायव्हर मेला, तिथे त्याचं घर. आत दिवा, खेळण्यातला ट्रक, पाण्याच्या बाटल्या. येणारे-जाणारे गाडी थांबवून पाणी ठेवतात.

"आपला सुकलालले एक दगडबी नही," नाना म्हणाले आणि ओट्यावरची सगळी माणसं आपापल्या चपला बघत बसली.

उरलेलं त्यांनी मला पिकअपमध्ये सांगितलं. आम्ही सोनगीरहून परत येत होतो, दुपारची वेळ होती, काचेबाहेर ऊन भाजत होतं. मला मात्र एसटीत पहाटे वाजते तशी थंडी वाजायला लागली.

एका खिंडीतून ते उतरत होते. धुकं इतकं, की बोनेटपुढचं दिसेना. उंचीने पुतण्याचं डोकं दुखत होतं, तो शेजारी डोळे मिटून बसला होता. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. आणि पत्र्यावर थाप पडली. एक.

नानांचा पाय विचार न करता ब्रेकवर गेला.

"काय झालं, काका?" पुतण्याने विचारलं.

"सुकलालनी थाप मारी."

पुतण्या खाली उतरला. मागे कोणी नव्हतं. मग तो पुढे गेला आणि चाकांपासून हातभर अंतरावर जागच्या जागी बसला. पुढे रस्ता नव्हता. डोंगराचा कडाच कोसळून खाली गेला होता आणि त्या पोकळीत धुकं भरलेलं होतं, दुधाने भांडं भरावं तसं.

नानांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. पुतण्या पुढे उभा राहून ओरडत होता, पण त्याला मागचं काय दिसणार? चाक कड्याकडे गेलं की थाप पडायची. नाना थांबायचे, चाक वळवायचे. असं करत करत रुंद जागा आली. गाडी वळली. पुतण्या रडत आत चढला आणि म्हणाला, "काका, चला, चला इथून." नानांनी गाडी काढली.

पुढे बरंच अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोन थापा आल्या नव्हत्या.

"सारा जनम नही चुकनू," ते म्हणाले. "आनि तठे चुकनू. मी तेले तठेच सोडी वनू, पोरी. तेले तं हिंदीबी धड येत नही."

मी माझं काम केलं. टाकीतलं पाणी हेलकावलं असेल, असं म्हटलं. खोलीतलं एखादं भांडं सुटून आपटलं असेल.

नाना हसले. "पानीले कसं समजनं, पुढे रस्ता नही शे?"

तेव्हापासून ते दर वेळी विचारायचे, सगळे आले का. एकदा मला राहवलं नाही. मी खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोनदा थोपटलं. त्यांनी गाडी हलवली नाही. "तू नको वाजाडू," ते शांतपणे म्हणाले. "तुना हात मी वळखस."

त्यांना परत जायचं होतं. त्या वळणावर गाडी उभी करून हाक मारायची, दोन थापा घ्यायच्या आणि त्याला घेऊन यायचं, बस. पण डॉक्टरांनी त्यांच्या छातीकडे बघून घाट बंद केला, आणि पुतण्याने ती गाडी तिकडेच विकून टाकली होती. आमच्या मंडळाच्या सभेत एकाने चेष्टेने विचारलं, "नाना, तुम्ही आमच्याबरोबर फिरता, मग सांगा, भूत आहे का?" नाना उठून उभे राहिले. "भूत नही शे," त्यांनी स्वच्छ सांगितलं. "सुकलाल शे." आणि खाली बसले. 

नाना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गेले. सकाळी वैकुंठरथ गल्लीच्या तोंडाशी, पिकअपच्या बाजूलाच उभा राहिला. आम्ही त्यांना आत ठेवलं, दार लावलं. ड्रायव्हर तरुण होता, बाहेरगावचा. त्याने गाडी सुरू केली, चार हात पुढे नेली आणि करकचून थांबवली.

"थाप कोणी मारली?" त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

कोणी मारली नव्हती. आम्ही सगळे मागे हात बांधून उभे होतो. तिकडून आलेला पुतण्या माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं धुकं मला दिसत होतं. गल्लीतली म्हातारी माणसं थांबली. आम्हीही थांबलो. दोन थापा काही आल्या नाहीत.

कोणी तरी यायचं राहिलं होतं.

शेवटी मीच पुढे झाले आणि पत्र्यावर हात मारला, दोनदा. नानांनी माझा हात ओळखला असणार. गाडी गेली.

पत्रकं मी अजून लिहिते. त्या उताराला दिवा आणि जागा मिळेपर्यंत लिहीन, आणि भूत नाही हेही लिहीन. पण तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमचं मूल-बाळ, कधी त्या डोंगरांत गाडी घेऊन गेलं, आणि धुक्यात तुटलेल्या रस्त्यापाशी पोचलं, तर एवढं करा. कडेला पाण्याची एक बाटली ठेवा. मागचं दार उघडा. मोठ्याने विचारा, "बठ्ठा वनात का?" आणि कितीही थंडी वाजली, कितीही भीती वाटली, तरी दोन थापा आल्याशिवाय गाडी हलवू नका.