कैलास उरकुड्यांची हलकी गाडी

हिंगणघाटला जिनिंगच्या रस्त्यावर कैलास उरकुडे यांचा धरमकाटा आहे. कापसाच्या गाड्या भरून येतात, काट्यावर उभ्या राहतात, रिकाम्या होऊन परत येतात, पुन्हा उभ्या राहतात. वीस वर्षं दुसऱ्यांची वजनं पाहिलेल्या माणसाला एखाद्या दिवशी स्वतःचं काहीतरी तोलून पाहावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. कैलासभाऊंनी त्यासाठी गाडी घेतली.

गाडी दोन सीटची, लाल, छप्पर मागे दुमडणारी आणि इतकी बुटकी, की ट्रॅक्टरशेजारी उभी केली तर ट्रॅक्टरनं पिल्लू दिल्यासारखं वाटे. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं परदेशातून आणवली होती. चढता-उतरता डॉक्टरांची कंबर धरली आणि गाडी हिंगणघाटला आली. कैलासभाऊंनी नारळ फोडला, हार घातला आणि तिला सरळ काट्यावर चढवलं. एक हजार साठ किलो. लोकांनी पेढे खाल्ले आणि एवढी हलकी गाडी जन्मात पाहिली नाही असं कबूल केलं.

तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात त्यांनी मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. हा माणूस पावसाळी आभाळाखाली उभा राहून सांगत होता, की इंजिनाची ताकद वाढवणं हे आळशी लोकांचं काम. जाणता माणूस वजन कमी करतो. कैलासभाऊंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आपण आजवर आळशी होतो याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमदासला बोलावलं. प्रेमदास हा गावातला हुशार मिस्त्री. ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो, जिनिंगची मोटर, काहीही त्याच्या हाताला वर्ज्य नव्हतं. कमी बोलायचा आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे न पाहता बोलायचा, त्यामुळे तो थट्टा करतोय की सल्ला देतोय हे कोणाला कधी कळलं नाही.

आधी स्टेपनी निघाली. मग जॅक आणि पाने. मग पायाखालचा गालिचा, गालिच्याखालचा आवाज दाबणारा थर, मागचे स्पीकर, पुढचे स्पीकर. बॅटरी काढून चिमुकली नवी बॅटरी बसवली; ती एवढी हलकी होती, की डब्यात आहे ना, हे पाहायला प्रेमदासनं खोका हलवून पाहिला. मग एसी काढला. वर्धा जिल्ह्यात राहून स्वतःच्या हातानं गाडीतला एसी काढणारा कैलासभाऊ हा बहुधा पहिलाच माणूस असावा. मे महिन्यात ते गाडीत बसले आणि जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊन पायी परत आले. तेव्हापासून गाडी थंडीत, सकाळी दहाच्या आतच निघे.

अडचण एकच होती. त्यांचा काटा ट्रकांसाठी होता, दहा किलोंच्या खालचं त्याला दिसत नसे. गालिचा काढला, काटा हलला नाही. स्पीकर काढले, तरी नाही. कैलासभाऊंनी वीस वर्षं शेतकऱ्यांना सांगितलं होतं, की काटा खोटं बोलत नाही. आता त्यांना पहिल्यांदाच शंका आली. शेवटी ते घरातला स्वयंपाकाचा तराजू घेऊन गेले आणि नट-बोल्ट ग्रामवर मोजू लागले. त्यांची बायको सुरभी शाळेत गणित शिकवायची. केकसाठी मैदा मोजायला गेली तर तराजूला ग्रीस लागलेलं. तिनं तराजू धुतला आणि नवऱ्याला अंघोळीआधी वजनाच्या मशीनवर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो.

"हे अठ्ठ्याण्णव कवा काढणार?" तिनं विचारलं.

गाडीच्या वजनात ड्रायव्हर धरत नाहीत, कंपनीचाच तसा नियम आहे, असं कैलासभाऊंनी शांतपणे समजावून सांगितलं. सुरभीनं विद्यार्थ्याचं चुकलेलं उत्तर ऐकावं तसं ते ऐकलं.

तोवर घर भरत चाललं होतं. स्टेपनी देवघराच्या मागे, स्पीकर कपाटावर, एसीचे पाइप न्हाणीत. "गाडी हलकी होऊन राह्यली अन् घर जड," एवढंच सुरभी म्हणाली. मग एका रविवारी शेजारची सीट निघाली. पुरी सोळा किलो. त्या दिवशी काट्यानं अखेर मान्य केलं: नऊशे साठ. कैलासभाऊंनी आकड्याचा फोटो काढला आणि देशभरातल्या हलक्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कोचीच्या एका माणसानं अंगठा पाठवला. घरी मात्र सीट दिसताच सुरभीनं ती कोणाची, हे विचारलं नाही. ती कोणाची होती हे तिला माहीत होतं.

डिसेंबरात चतुर्थी आली. दरवर्षी दोघं केळझरच्या गणपतीला जात. या वर्षी सुरभी सकाळीच पिशवी घेऊन निघाली.

"मी बसनं जातो. तिकडं निदान बसाले जागा असते."

तू हो पुढे, मी तासाभरानं निघूनही तुझ्याआधी पोचतो, असं कैलासभाऊ म्हणाले. ती स्टँडकडे चालू लागली. त्यामुळे ही शर्यत लागली असं फक्त एकाच गाडीला वाटत होतं.

वर्ध्यापर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली. वाराच जास्त होता. गालिच्याच्या जागी उघडा पत्रा होता आणि खडा उडाला की गोळी लागल्यासारखा वाजे. सेलूच्या पुढे त्यांना बस दिसली. त्यांनी ती मागे टाकली, आरशात पाहिलं आणि त्या गोऱ्या माणसाचं म्हणणं त्यांना पूर्णपणे पटलं. पुढच्या गावात शाळेसमोर गावकऱ्यांनी स्वतःच सिमेंट कालवून एक स्पीडब्रेकर घातला होता. पुढची चाकं त्याच्यावरून उतरली आणि गाडीचं पोट त्यावर टेकलं. मागची चाकं जागच्या जागी फिरली. जॅक नव्हता. तो देवघरामागेही नव्हता. तो न्हाणीत होता.

कैलासभाऊ उतरून गाडीभोवती फिरत असताना मागून बस आली, कडेच्या मातीतून वळसा घालून गेली. खिडकीत सुरभी होती. तिनं पाहिलं. हात हलवला नाही, हसलीही नाही. शेजारच्या बाईशी बोलत होती, ते बोलणं तिनं पुरं केलं.

कापूस वेचायला निघालेल्या बायका रस्त्यानं येत होत्या. नऊ जणी. पुढं असलेल्या अनुसयाबाई साठीच्या होत्या, कमरेला वेचणीची ओटी बांधलेली. त्यांनी गाडीला वाकून पाहिलं, कुठं टेकली ते पाहिलं, आणि बाकीच्यांना हाक दिली. नऊ जणींनी मागचा भाग दोन्ही बाजूंनी धरला, अनुसयाबाईंनी "हं" म्हटलं, आणि गाडी उचलून पुढं ढकलली गेली. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"हलकीच हाये," हात झटकत अनुसयाबाई म्हणाल्या.

पेढे संपल्यापासून दोन वर्षांत हे वाक्य कैलासभाऊंना समोरासमोर कोणी म्हटलं नव्हतं. ते एसीबद्दल, बॅटरीबद्दल सांगू लागले. अनुसयाबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"अन् इकडं कोण बसते?"

"कोणी नाई. वजन कमी करासाठी सीट काढली."

"मंग एकटेच कुठं चालले एवढ्या घाईनं?"

बायकोच्या बसच्या आधी बायकोला भेटायला, हे खरं उत्तर होतं. दर्शनाले, असं ते म्हणाले. देवाला आपलाही नमस्कार सांगा, असं अनुसयाबाईंनी सांगितलं आणि बायका शेताकडं वळल्या.

केळझरला ते पोचले तेव्हा सुरभीचं दर्शन झालं होतं. ती पायऱ्यांवर बसून प्रसादाचं खोबरं खात होती. अर्धं तिनं त्यांना दिलं. त्यांनी गाडी कशी उचलली ते सांगितलं, अनुसयाबाईंचा प्रश्न मात्र गाळला. सगळं ऐकून तिनं घड्याळ पाहिलं, परतीची बस बाराची आहे म्हणाली आणि उठली. ते स्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेले. बस येईपर्यंत उभे राहिले. दाराशी चढताना तिनं त्यांच्या खांद्यावर हात टेकला, पायरी उंच होती म्हणून. तो खांदा त्यांना बराच वेळ वेगळा वाटत राहिला.

बस गेली आणि त्यांनी प्रेमदासला फोन लावला. आज नऊ बायकांनी गाडी हातानं उचलली, असं सांगितलं. पलीकडं पान्याचा आवाज आला.

"नऊ लागल्या?" प्रेमदास म्हणाला. "भाऊ, सहांत जमाले पायजे. दारं काढून पाहू."

कैलासभाऊ उन्हात उभे होते. सीट परत बसव, हे सांगायला त्यांनी फोन केला होता. निदान तसं ठरवून तरी केला होता.

"एक दार किती भरते?" त्यांनी विचारलं.