न तापवलेली नळी

राग्नहिल्ड स्क्युटे शास्त्रज्ञ नव्हती, आणि कुणी तसं म्हटलं तर तिला राग यायचा. आर्हुसच्या आमच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं तंत्रज्ञ होती; शेजारच्या टेबलावर मी. शेवटची आठ वर्षं तिने एकाच रेणूमागे घालवली. आरएनएची ती साखळी स्वतःच स्वतःला कापते, मधला तुकडा टाकून देते आणि उरलेली टोकं जोडते. मदतीला एकही प्रथिन नाही. कापणं आणि जोडणं यांच्या मध्ये ती अंग कसं वळवते, तेवढं निवृत्तीआधी बघायचं, एवढीच बाईची इच्छा. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दर वेळी दिसायचे ते नुसते वेडेवाकडे गुंते.

आमची पद्धत ठरलेली. साखळी आधी तापवून सरळ करायची, हळूहळू निववायची, मग कापणं सुरू करून देणारं मॅग्नेशियम घालून ऐन कामात असताना गोठवायची. शेवटच्या खेपेला राग्नहिल्ड नळी तापवायचीच विसरली. ध्यानात आलं तेव्हा नमुना सूक्ष्मदर्शकात गेला होता, आणि पुढची पाळी तिच्या निवृत्तीनंतरची.

आमच्याकडे चूक करणाऱ्याने शुक्रवारी केक आणायचा असतो. तिने खोबऱ्याचा आणला, टेबलावर आदळला आणि झालं ते सांगून टाकलं. आमचा प्रमुख टॉर्किल म्हणाला, "एकतीस वर्षांत पहिला केक. आम्हाला वाटायचं, तुला भाजताच येत नाही."

ती हसली नाही.

दुपारी चित्रं आली. हजारो रेणू, सगळे नीट घडीचे. साखळी तयार होतानाच बरोबर दुमडत होती. तापवून बिघडवत होतो आम्हीच. आकार मात्र दोन निघाले, कापाआधीचा आणि नंतरचा. बाकी देह जागच्या जागी, एक फाटा तेवढा पहिल्या कापानंतर जवळजवळ काटकोनात वळलेला.

उगाच भारावून जाणं मला जमत नाही. पण ज्याला हात नाहीत, मेंदू नाही, ते एवढ्या नेमकेपणाने वळतं, आणि कदाचित ते बघायला डोळे जन्मण्याच्याही आधीपासून वळत आलंय! राग्नहिल्डने पडद्यासमोर हात धरून मनगट सावकाश वळवलं, मागे आणलं, पुन्हा वळवलं.

टॉर्किल केक झाकू लागला. ही चूक नव्हेच, घरी घेऊन जा, म्हणाला.

"विसरले म्हणजे विसरले. काप तो," ती नजर न हलवता म्हणाली. "आणि आठ वर्षं तापवायला तू सांगत होतास. पुढच्या शुक्रवारी तू आण."