पहिल्या रविवारचं ताट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं मला तरी आठवत नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही ऐकाल, असं वाटलं.

आम्ही अकोल्याहून बदली होऊन अमरावतीला आलो, राजापेठेत घर घेतलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. आमच्या आणि शेजारच्या घरात भिंत एकच. तिकडे एस्तेरताई आणि त्यांचे यजमान राहायचे. एस्तेरताई बालवाडीत शिकवायच्या. ख्रिस्ती घर. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यांच्यात आगमनकाळ पाळतात, हे मला तिथे आल्यावरच कळलं. मोठं काही नसायचं. एका थाळीत अशोकाची पानं आणि चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. थोडं गाणं, थोडी प्रार्थना. आणि त्या घरचा एक नियम — रविवारी संध्याकाळी एक ताट आधी दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल, मगच घरातले जेवतील. दर रविवारी घर वेगळं. पहिला रविवार मात्र ठरलेला. आमचा.

पहिल्या वर्षी त्या ताट घेऊन आल्या, त्यावर हातानं विणलेला रुमाल. गुळाच्या करंज्या, थोडी शेव, रव्याचे लाडू. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "गरम हाये वहिनी, लगेच खाऊन घ्या."

मी हसून ताट घेतलं. दार लावलं. आणि —

किती सोपं आहे ते सांगायला, आणि तरी अडते. मागच्या दारानं गल्लीत गेले. तिथे गाय उभी असायची, तिच्यापुढे सगळं ओतलं. ताट माझ्या भांड्यांत मिसळू दिलं नाही, वेगळं घासलं, दोनदा. रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून त्यात मूठभर साखर घातली. माझ्या घरची साखर त्यांनी खावी, यात मला काही वावगं वाटलं नाही. कळतंय ना, मी काय म्हणते ते?

त्यांच्या नाताळच्या केकमध्ये अंडं असतं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं होतं. पण करंजीत कुठलं अंडं? सासूबाईंचं नाव पुढे करता आलं असतं, पण त्या गावी, भातकुलीकडे. त्यांना यातलं काही माहीतही नव्हतं. खरी गोष्ट एवढीच, की एस्तेरताईंच्या घरचे ख्रिस्ती होण्याआधी कोण होते हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तेवढ्यावरून माझा हात त्या ताटाकडे गेला नाही.

असं चार वर्षं चाललं. दर वर्षी ताट यायचं, गाईपुढे जायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी साखरेसकट परत करताना सांगायचे — करंजी काय खुसखुशीत झाली होती! किती सहज बोलायचे मी.

पाचव्या वर्षी ताटात शंकरपाळे होते. सोमवारी एस्तेरताईंनी विचारलं, "शंकरपाळे कसे लागले?"

"लई छान," मी म्हटलं. "गोड बी बेताचंच."

त्यांनी ताटातल्या साखरेकडे पाहिलं. मग "बरं झालं," म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या.

त्याच दुपारी माझा नवरा त्यांच्याकडून चहा पिऊन आला. त्याचं त्यांच्या यजमानांशी चांगलं जमायचं. तिकडे तो खायचा, प्यायचा, त्याला कधी काही वाटलं नाही. चप्पल काढता काढता म्हणाला, "यंदा शंकरपाळे तिखट केले त्याईनं. मिरं घालून. आपल्या घरी आले नाही काय?"

"आले होते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पुढच्या आगमनकाळात शिजवलेलं काही आलं नाही. टोपलीत सहा संत्री आली, सालीसकट, आणि एक न फोडलेला नारळ. एस्तेरताई तशाच दारात उभ्या, तसंच हसू. "आपल्याकडले संत्रे यंदा चांगले हायेत वहिनी," म्हणाल्या. दुसरा शब्द नाही. दुसऱ्या कुणी ताट बंद केलं असतं, गल्लीत बोललं असतं. या बाईनं मला खाता येईल असं काय द्यावं, याचा विचार केला.

आणि मी? मी ती संत्री खाल्ली. सुटले, असं वाटलं मला. तेरा वर्षं ती टोपली मी घेत राहिले. तिला कळलंय हे मला ठाऊक, मला ठाऊक आहे हे तिला कळलेलं.

मग तिचे यजमान गेले. त्या वर्षीच्या पहिल्या रविवारी संध्याकाळ झाली तरी टोपली आली नाही. मी दोनदा दार उघडून पाहिलं. आणि लक्षात आलं — ताट गेलं नाही, म्हणजे ती जेवली नसणार.

मी गेले. ती खुर्चीत बसली होती, ओट्यावर स्वयंपाक झाकलेला.

"संत्रे आणाचे राहून गेले वहिनी. गुडघे उठूच देऊन नाही राहिले."

"संत्रे नको," मी म्हटलं. "तुमी जे केलं ते द्या मले."

ती हात टेकत उठली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. मी तिच्यासमोर बसून जेवले. तिनं विचारलं, "कशी झाली?"

"मीठ कमी हाये."

ती हसली, डोळे पुसून पुन्हा हसली, आणि तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं.

आता दर आगमनकाळात मी तिच्याकडेच असते. रवा मी भाजते, करंज्या ती भरते, बसल्या बसल्या. मेणबत्ती पेटवताना मी शेजारी उभी राहते, मला गाणं येत नाही तरी. ताट कुणाकडे न्यायचं ते ती सांगते आणि मी नेऊन देते. डिसेंबरातले ते रविवार माझ्या वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस आहेत, हे खरं सांगते.

पण तिची माफी मी मागितलेली नाही. त्या गाईचं तिला सांगितलेलं नाही. शंकरपाळ्यांवरून तिला एका वर्षाचं कळलं. त्याआधीची चार ताटंही तशीच गेली, हे तिनं ओळखलं असेल की नाही, कुणास ठाऊक. सांगितलं तर त्या ओट्याजवळची माझी जागा जाईल, अशी भीती वाटते. ती जागा मला हवी आहे, म्हणून मी गप्प आहे. तेव्हाही मी स्वतःपुरतंच पाहिलं होतं, आजही तेच करते आहे.