फुल्ल बॅकअप

किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. दारव्ह्याजवळच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात रोज एक नवा जमा होतो आणि जुना पुसायची कोणाची तयारी नसते. मग एक दिवस जागा संपते. डिस्कमधलीही आणि माझ्या डोक्यातलीही!

मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर. आल्याबरोबर ऑटोमॅटिक बॅकअप लावला. रोज दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, शाळेचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरणार. कोणी काही करायचं नाही. आमचे हेडक्लार्क गावंडे बाबू त्या हार्ड डिस्कला 'डब्बी' म्हणतात. दोन वर्षं सुधारून दमले, आता मीही डब्बीच म्हणते.

*

आठ दिवसांत डब्बी भरली. उघडून बघते तर शाळेचा डेटा एका कोपऱ्यात आणि बाकी सगळे मुख्याध्यापकांचे सुप्रभात! सूर्य, गुलाब, वाफाळता चहा. सर मोबाइल चार्जिंगला म्हणून कॉम्प्युटरला जोडायचे आणि सगळं उतरायचं.

"सर, हे डिलीट करा."

"त्यात देवांचे फोटो आहेत बेटा. देवाला डिलीट करायचं?"

"देव ठेवा. गुलाब काढा."

दोन तास बसून सरांनी एकेक गुलाब काढला. तरी जागा तेवढीच! बघितलं तर सगळे गुलाब रिसायकल बिनमध्ये.

"सर, तो बिन रिकामा करा ना!"

"राहू दे बेटा. कधी लागलं तर?"

*

गावंडे बाबू सरांच्या पुढचे. "एकावर भरोसा कायले ठेवता?" म्हणून त्यांनी डब्बीतला बॅकअप कॉपी करून परत कॉम्प्युटरमध्ये ठेवला. तोही शाळेच्याच फोल्डरात! दीड वाजता बॅकअपने इमानदारीने स्वतःचाही बॅकअप घेतला. बाबूंनी तोही कॉपी केला. तिसऱ्या दिवशी डब्बी ठप्प.

मी डोकं धरून बसले. बाबू सहानुभूतीने म्हणाले, "मॅडम, तुमची डब्बी भल्ली लहान आहे."

*

ते मात्र खरं होतं. म्हणून संस्थेकडे अर्ज केला. रीतसर, शुद्ध मराठीत: 'संगणकात जागा अपुरी पडत असल्याने तातडीने जागा उपलब्ध करून द्यावी.'

दीड महिन्याने ऑफिससमोर हातगाडी थांबली. तिच्यावर लोखंडी कपाट!

"घ्या मॅडम, जागा!" बाबू खूश.

"बाबू, मी मोठी हार्ड डिस्क मागितली होती!"

"मंग तसं लिहाव लागते ना. तुमी जागा लिहिलं."

कपाटाची किल्ली त्यांनी आपल्याच खिशात टाकली. "तुमाले तशीही कामाची नाही."

*

उन्हाळ्यात मी शाळेचं सगळ्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर स्कॅन केलं. शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात. पान उचललं की भुगा पडायचा. शेवटचं पान झालं तेव्हा मी रजिस्टर बाबूंच्या टेबलावर आपटलं. "झालं! आता ही धूळ रद्दीत द्या."

"हो, हो," बाबू म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात स्कूटीवरून पडून माझा पाय मोडला. दीड महिना घरी. पण मी रोज दुपारी फोन करायचे.

"बाबू, बॅकअप झाला का?"

"फुल्ल, मॅडम!"

"पूर्ण फुल्ल?"

"एकदम फुल्ल! स्क्रीनवरच लिहून राह्यलं ना."

मी निश्चिंत. शाळा सुरू झाली आणि एक दिवस बाबूंचाच फोन आला. कॉम्प्युटर जळाला. "जळू दे," मी म्हटलं. "बॅकअप आहे ना!"

काठी टेकत गेले, डब्बी माझ्या लॅपटॉपला लावली. शेवटचा बॅकअप रजिस्टर स्कॅन करायच्या आधीचा. त्याखाली रोज एकच ओळ, स्कॅनिंगच्या गडबडीत मीही न बघितलेली: डिस्क फुल्ल, बॅकअप थांबवला.

"बाबू! फुल्ल म्हणजे जागा संपली!"

"काय बापा! आमच्या घरी इन्व्हर्टरचा बॅकअप फुल्ल झाला त आमी खूश होतो."

म्हणजे दीड महिना हा माणूस मला बॅटरीची खुशाली सांगत होता!

*

आणि नेमकी त्याच दिवशी शाळेची जुनी विद्यार्थिनी प्राची आली. नर्सिंगला नंबर लागलेला. जात पडताळणीच्या अर्जासाठी पणजोबांची नोंद हवी, ती त्याच रजिस्टरमध्ये.

"ताई, उद्या शेवटची तारीख आहे. नाही मिळाली त सीट जाते." फाइल छातीशी धरून उभी होती.

मी बाबूंकडे वळले. "बाबू... ते रजिस्टर रद्दीत दिलं?"

"तुमीच म्हटलं होतं ना."

प्राची एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. बाबू सावकाश उठले, खिशातून किल्ली काढली आणि ते लोखंडी कपाट उघडलं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर लाल कापडात बांधलेलं रजिस्टर.

बोट फिरवत फिरवत त्यांनी नोंद शोधली. नाव, गाव, जात, जन्मतारीख, सगळं स्पष्ट. उतारा लिहिला, सरांची सही आणली, शिक्का मारला. प्राची वाकून पाया पडली. त्यांच्याच! आणि पळत गेली.

बाबूंनी माझ्याकडे बघितलं. "पाहा मॅडम. याले बॅकअप लागत नाही."

मी डब्बीची वायर गुंडाळायला लागले.

त्यांनी ऐटीत बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. अर्धं पान त्यांच्या हातात आलं.

पंखा चालू होता. बाबूंनी घाईने दुसरा हात पानावर ठेवला.

मग हळूच म्हणाले, "मॅडम... डब्बीत जागा आहे का?"