बोडक्या मानेची औलाद

अंडं हातात आलं की ती आधी मिटलेल्या पापणीला लावायची. ऊब लागली की मान हलवायची आणि म्हणायची, "जित्तं हाय." मग कुणी विचारलं नसताना, "म्या काय बी इसरत न्हाई बरं का."

हे दुसरं वाक्य किती खरं होतं, ते तिच्या भावकीतल्या दिराला फार उशिरा कळलं. डूख धरणारी माणसं तुमच्याही गावात असतील, पण असली चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा. कामथडीपासून वेल्ह्यापर्यंत वस्तीवस्तीवर लोक मला डॉक्टर म्हणतात, मीही कशाला नाही म्हणू? या म्हातारीची ओळख कोंबड्यांना लस टोचताना झाली. एकटीच राहायची. तिच्याकडं बोडक्या मानेचा गावरान कोंबडा होता, तिच्या सासूच्या काळापासून चालत आलेल्या जातीचा. पंचक्रोशीत ती मान आता तिच्याच दारात उरली होती. काय त्याचा रुबाब! सरपंचासारखा चालायचा.

आखाडात शेजारच्या दिराकडं पुण्याचे पाहुणे आले. कोंबडा भिंत ओलांडून त्याच्या अंगणात गेला, आणि या गृहस्थानं तोच कापला. वर वाडगाभर रस्सा वैनीला पाठवला! म्हातारीनं भाकरी कुस्करून खाल्ला, झणझणीत झालाय म्हणून उलट निरोपही धाडला. सकाळी उकिरड्यावर तिला ती बोडकी मान दिसली.

तशीच एसटीनं दवाखान्यात आली. डोळे कोरडे ठाक.

"डाक्टर, नर गेल्यावर कोंबडीच्या अंड्यात किती दिस जीव धरतो?"

"आठ-दहा दिवस, मावशी."

"बास झालं. तेवढ्यात उरकते."

रोजची अंडी तिनं नाचणीच्या डब्यात जपली. तेरा जमली. पण नेमकी एकही कोंबडी खुडूक होईना, आणि खुडूक नाही तर अंड्यांवर बसणार कोण? शेवटी माझ्या घरच्या लहानशा उबवणी यंत्रात ठेवली. दर दोन दिवसांनी बाई हजर. मी मोबाईलच्या उजेडात अंड्यातल्या लाल शिरा दाखवल्या, तर म्हणाली, "तुमी बघा उजेडात. मला माजी पापणी सांगती." वीज गेली की मी यंत्रावर गोधडी पांघरून बसायचो. ही तेरा वाया गेली असती तर ती जात तिथंच संपली असती.

एकविसाव्या दिवशी कवचं टिचली. नऊ पिलं निघाली, पाचांच्या माना बोडक्या. म्हातारीनं मांडीवर थाप मारली आणि दिराच्या नावानं ओरडली, "खा आता, मुडद्या!"

अंगं वाळल्यावर पिलं ब्रूडरमध्ये हलवली. ब्रूडर कसला, पत्र्याचं गोल कडं, तळाला भुसा आणि वर बल्ब. एकेकाची चोच तिनं स्वतः पाण्यात बुडवली. "ही तुमची इजेची आई मुकी हाय हो," म्हणाली, आणि दुपारभर कड्याशेजारी बसून आपणच कोंबडीसारखी कुक्-कुक् करत राहिली. तेवढा वेळ तिचा चेहरा असा काही मऊ झाला की मी चहा विचारायचंही विसरलो.

निघताना तिनं सगळी कवचं पदरात बांधून घेतली. दिराचा वाडगा तिच्याकडंच होता, आणि शेजारचं भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत. तिनं तो कवचांनी काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. "पावणं आलं तर वाढा, भावजी."

पुढं प्रत्येक खेपेची पिलं तिनं गावात दारोदार फुकट वाटली. अट एकच. पिलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची: दिराच्या घरी अंडं नाही, पिलू नाही, पीससुद्धा नाही. शपथ माझ्याकडूनही घेतली. तीन वर्षांत अख्ख्या गावात बोडक्या मानेचे कोंबडे आरवू लागले, आणि मधोमध त्याचं अंगण तेवढं गप्प.

एकदा मीच म्हणालो, "मावशी, आता सोडा की."

"सोडंन की. भित्तीवरनं एकडाव म्हनावं त्यानं, वैनी, चुकलो. त्याच दिशी जोडी देते."

त्यानं काही म्हटलं नाही.

गेल्या माघात ती गेली. तेरावं झालं आणि दीर माझ्या दारात, काखेत कोंबड्या न्यायचं डालगं. "डाक्टर, वैनी गेली, आता कसलं वैर? एक जोडी द्या. चुकलंच माजं."

माझ्या अंगणात चार जोड्या चरत होत्या, त्याच्या डोळ्यांसमोर.

"हे ऐकणारी गेली," मी म्हणालो. "तीन वर्षं भिंतीपलीकडं बसली होती. तेव्हा दातखीळ बसली होती का?"

तो रिकामं डालगं घेऊन फाट्याकडं चालता झाला. वाईट वाटलं का? छे! खोटं कशाला बोलू, जास्तीची साखर घालून चहा प्यालो. मग वाटलं, अशीच एसटी धरावी आणि म्हातारीला हे सगळं सांगून यावं. चपला घातल्यासुद्धा. आणि तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो.